बाळंतपणाची बॅग: कधी भरायची, कुठल्या क्रमाने, आणि नेमकं कुठे चुकतं

बाळंतपणाच्या बॅगेची यादी सगळ्यांकडे असते, व्हॉट्सॲपवर फिरत असते, पन्नास-साठ वस्तू, आणि आपण एकेकीवर टिक करत सगळं एकाच मोठ्या ट्रॉली बॅगेत कोंबतो. वस्तू बहुतेक बरोबरच असतात, चुकतं ते ठेवण्यात. माझी स्वतःची दोन बाळंतपणं झाली, पहिलं नॉर्मल आणि दुसरं सिझर, शिवाय धाकट्या बहिणीची आणि जावेची बॅग मी भरून दिली, आणि प्रत्येक वेळी एकच गोष्ट दिसली: बॅग आपण भरतो पण उघडतं दुसरंच कोणीतरी. आपण आत टेबलावर असतो, रात्रीचे तीन वाजलेले असतात, नर्स दारातून म्हणते "बाळाचं दुपटं द्या, टोपडं द्या, दोन पॅड द्या" आणि बाहेर आई नाहीतर नवरा बाकड्यावर अख्खी बॅग उपसत बसतात. बहिणीच्या वेळी दुपटं होतं, अगदी स्वच्छ धुऊन ठेवलेलं होतं, पण सगळ्यात तळाशी, लाडवांच्या डब्याखाली.

म्हणून खाली जे सांगतेय ते सगळं एवढं डोळ्यासमोर ठेवून वाचा, की ही बॅग दमलेलं, घाबरलेलं आणि तुमची कपाटं माहीत नसलेलं माणूस उघडणार आहे.

वेळेचं गणित आधी सांगते. ३२ व्या आठवड्यात सुरुवात, ३४ व्या आठवड्यात बॅग तयार, ३६ व्या आठवड्यात शेवटची तपासणी. ३७ आठवडे झाले की दिवस भरले असं डॉक्टर धरतात, म्हणजे तारखेच्या आधी तीन आठवडे कधीही कळा सुरू होऊ शकतात. जुळी असतील, बीपी वाढलेलं असेल किंवा आधीचं बाळंतपण लवकर झालं असेल तर हे सगळं दोन-तीन आठवडे अलीकडे ओढा, अगदी ३० व्या आठवड्यातच फाईलचं काम उरकून घ्या.

## टप्पा १: काही घेण्याआधी हॉस्पिटलला विचारा

बाजारात जाण्याआधी हे करा, कारण अर्धी खरेदी इथेच वाचते. पुढच्या चेकअपला गेलात की रिसेप्शनला नाही, लेबर रूमच्या किंवा वॉर्डच्या सिस्टरना विचारा, त्यांना खरं माहीत असतं.

१. गाऊन, पॅड, डायपर, बाळाचे कपडे यातलं तुम्ही काय देता आणि आम्ही काय आणायचं?
२. लेबर रूममध्ये सोबत कोणाला सोडता? किती जणांना?
३. वॉर्डात रात्री पुरुष माणूस थांबू शकतो का? (बऱ्याच ठिकाणी जनरल वॉर्डात नाही थांबता येत, मग नवऱ्याची बॅग भरून उपयोग नाही, आईची किंवा सासूबाईंची भरावी लागते.)
४. रात्री कुठलं गेट उघडं असतं?
५. ॲडमिशनला डिपॉझिट किती, आणि कॅशलेस असेल तर कुठली कागदं लागतात?
६. बाळाला काचेत ठेवायची वेळ आली तर सोय इथेच आहे की दुसरीकडे न्यावं लागतं? रक्त लागलं तर कुठून आणायचं?

सरकारी दवाखान्यात बाळंतपण असेल तर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली, जो २०११ पासून सुरू आहे, बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त सगळं मोफत आहे, नॉर्मलला ३ दिवस आणि सिझरला ७ दिवस जेवणही मिळतं, आणि घरून दवाखान्यात न्यायची, परत घरी सोडायची गाडीसुद्धा. हे हक्काचं आहे, मागायला संकोच करू नका. आशाताईंचा नंबर फोनमध्ये सेव्ह करा, आणि १०२ व १०८ हे दोन्ही नंबर घरातल्या प्रत्येकाला पाठ असू द्या.

## टप्पा २: फाईल, सगळ्यात आधी आणि सगळ्यात नीट

कपडे विसरले तर समोरच्या दुकानातून येतात, रिपोर्ट येत नाहीत. आणि आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणजे डॉक्टर बदलतात, गाव बदलतं, इथेच घोळ होतो. मी सातव्या महिन्यात पुण्याहून सांगलीला गेले तेव्हा फाईल नेली, पण रक्तगटाचा आणि सुरुवातीच्या तपासण्यांचा कागद पुण्यातल्या ड्रॉवरमध्येच राहिला. कळा चालू असताना पुन्हा रक्त काढलं, रिपोर्ट येईपर्यंत थांबावं लागलं आणि तेवढा वेळ सगळ्यांचा जीव टांगणीला.

फाईल अशी लावा, वरून खाली:

१. सगळ्यात वर एक साधा कागद, मोठ्या अक्षरात हाताने लिहिलेला: नाव, वय, रक्तगट, शेवटच्या पाळीची तारीख, डॉक्टरांनी दिलेली तारीख, कशाची ॲलर्जी, चालू असलेल्या गोळ्या (थायरॉईड, बीपी, शुगर जे असेल ते), आधी काही ऑपरेशन झालं असेल तर ते, डॉक्टरांचा नंबर, घरच्या दोघांचे नंबर. ड्युटीवरचे डॉक्टर तुम्हाला पहिल्यांदाच बघत असतात, हा एक कागद त्यांची दहा मिनिटं वाचवतो.

२. माता व बाल संरक्षण कार्ड आणि शेवटच्या चेकअपचा कागद.

३. रक्ताचे रिपोर्ट: रक्तगट, हिमोग्लोबिन, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, व्हीडीआरएल, शुगर, थायरॉईड.

४. सोनोग्राफीचे सगळे रिपोर्ट, ताजा सगळ्यात वर. नुसत्या फिल्म नकोत, टाईप केलेला कागद हवा.

५. आधार (दोघांचं), बँकेचं पासबुक, विम्याचं कार्ड आणि पॉलिसीची कॉपी. प्रत्येकाच्या चार झेरॉक्स. रात्री झेरॉक्सचं दुकान शोधत फिरणारा नवरा प्रत्येक हॉस्पिटलबाहेर दिसतो.

आणि या सगळ्याचे फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाका, म्हणजे फाईल राहिलीच तर निदान मोबाईलवर दाखवता येतं.

सावध रहा: तुमचा रक्तगट निगेटिव्ह असेल आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह, तर फाईलच्या बाहेरच्या बाजूला लाल पेनाने लिहा. बाळाचा गट पॉझिटिव्ह निघाला तर आईला ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन लागतं, आणि लहान गावात ते वेळेवर मिळेलच असं नाही, डॉक्टरांना विचारून आधीच सोय करून ठेवा. निगेटिव्ह गटाचे दोन रक्तदाते, जवळ राहणारे, त्यांचे नंबर त्याच कागदावर.

नावाचं एक महत्त्वाचं. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत होते आणि ती जिथे जन्म झाला तिथेच होते, म्हणजे माहेरच्या गावाच्या नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत. हॉस्पिटल फॉर्म भरायला देतं तेव्हा तो कोणीतरी घाईत भरतं, आईचं नाव कधी माहेरचं लागतं कधी सासरचं, स्पेलिंग वेगळं, आणि मग दुरुस्तीसाठी हेलपाटे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळा, पासपोर्ट, आधार सगळीकडे जन्माचा दाखलाच पुरावा म्हणून लागतो, त्यामुळे हे हलक्यात घेऊ नका. आई-बाबांची नावं आधारवर जशी आहेत तशी, मराठीत आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये, एका चिठ्ठीवर लिहून फाईलमध्ये ठेवा आणि फॉर्म त्यातूनच उतरवा. बाळाचं नाव ठरलं नसेल तर ती जागा मोकळी ठेवता येते, बारशानंतर वर्षाच्या आत फी न भरता टाकता येतं.

तपासा: फाईल नवऱ्याच्या किंवा आईच्या हातात द्या आणि म्हणा, "रक्तगटाचा रिपोर्ट काढून दे." अर्ध्या मिनिटात निघाला नाही तर पुन्हा लावा.

## टप्पा ३: बाळाचे कपडे धुणं (हे काम ३३ व्या आठवड्यात)

नवीन असोत की कोणाकडून आलेले, सगळे कपडे एकदा धुवायचेच. साध्या सौम्य साबणाने धुवा, दोन-तीन पाण्यांतून खळबळून काढा म्हणजे साबण राहणार नाही, सॉफ्टनर किंवा सुवासिक काही टाकू नका, कडक उन्हात वाळवा, इस्त्री करा आणि मग लगेच झिपच्या पिशवीत. पावसाळ्यात तारीख असेल, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, तर हे काम पावसाच्या आधी उन्हात उरकून ठेवा, कारण जुलैमध्ये लंगोट तीन दिवस दमट राहतात.

सावध रहा, हे फार कमी लोकांना माहीत असतं: घरोघरी आजीच्या, आत्याच्या कपाटातून जपून ठेवलेली कुंची, झबली, मऊ दुपटी निघतात, आणि त्यांना डांबर गोळ्यांचा वास असतो. असे कपडे तसेच बाळाला घालू नका. काही बाळांच्या रक्तात जीसिक्सपीडी नावाचं एक एन्झाईम कमी असतं, ते आधी कळतही नाही, आणि अशा बाळाच्या रक्तातल्या लाल पेशी डांबर गोळ्यांच्या संपर्काने फुटतात, कावीळ खूप वाढू शकते. वास गेला नसेल तर तो कपडा आठवण म्हणून ठेवून द्या, बाळाच्या अंगाला लावू नका. आणि बाळाच्या बॅगेत, कपाटात गोळ्या टाकूच नका.

घालायला सगळ्यात चांगलं म्हणजे जुन्या सुती साडीचं किंवा धोतराचं कापड, घरात असेल तर. धुऊन धुऊन मऊ झालेलं असतं, पाणी पटकन शोषतं आणि घाण झालं तर टाकून देता येतं.

## टप्पा ४: लेबर रूमची छोटी पिशवी

ही वेगळी पिशवी. साधी कापडी चालेल पण रंग वेगळा असावा, म्हणजे "लाल पिशवी आण" एवढंच सांगितलं की पुरे. मोठी बॅग लेबर रूममध्ये बहुतेक ठिकाणी नेऊ देत नाहीत, आणि नेली तरी तिथे ठेवायला जागा नसते.

यात फक्त एवढंच:

१. बाळाचा पहिला संच, एका झिपच्या पिशवीत: एक झबलं, एक टोपडं, एक लंगोट किंवा डायपर, मोजे, दोन दुपटी (एक पुसायला, एक गुंडाळायला). पिशवीवर मार्करने लिहा "पहिले कपडे". बाळ ओलं असतं आणि पटकन थंड पडतं, म्हणून हा संच क्षणात हातात यायला हवा.

२. आईचा संच, दुसऱ्या झिपच्या पिशवीत: दोन मोठे पॅड, एक गडद रंगाची चड्डी, एक समोरून उघडणारा गाऊन.

३. स्ट्रॉची पाण्याची बाटली. कळा देताना आडवं असताना भांड्याने पाणी पिता येत नाही. (प्यायचं की नाही हे मात्र डॉक्टरांना विचारूनच.)

४. ओठांना लावायला लिप बाम, केस बांधायला दोन रबर, हातरुमाल. तोंडाने श्वास घेऊन घेऊन ओठ फाटतात, मला दोन दिवस नीट हसताही येत नव्हतं.

बस. मोबाईल बाहेरच्या माणसाकडे.

दागिन्यांचं आत्ताच करा. डोहाळजेवणाचा हिरवा चुडा, जोडवी, अंगठ्या, नथ, मंगळसूत्र, सगळं हॉस्पिटलमध्ये उतरवायला सांगतात, कारण सलाईनची सुई हाताला लागते आणि सिझरमध्ये विजेवर चालणारं उपकरण वापरतात, अंगावर धातू नको असतो. नवव्या महिन्यात हातापायांना सूज येते आणि जोडवी अडकतात, मग ऐनवेळी साबण लावून ओढत बसावं लागतं किंवा कापावी लागतात. म्हणून आठव्या महिन्यातच अंगठ्या आणि जोडवी काढून ठेवा. घरच्यांना वाईट वाटत असेल तर त्यांना कारण सांगा, समजून घेतात. मंगळसूत्र निघताना घरीच काढून आईकडे द्या, हॉस्पिटलच्या ड्रॉवरमध्ये नको. नेलपॉलिशही पुसा, बोटाला जो ऑक्सिजनचा चिमटा लावतात त्याचं रीडिंग त्यामुळे चुकू शकतं.

## टप्पा ५: आईची बॅग

साधारण हिशेब नॉर्मलला दोन-तीन दिवस आणि सिझरला चार-पाच दिवस. नॉर्मलच होणार असं धरून बॅग भरू नका. माझं दुसरं सिझर झालं ते ठरवून नव्हतं, आणि चौथ्या दिवशी धुतलेला गाऊन उरला नव्हता.

गाऊन चार-पाच, समोरून बटण किंवा चेन असलेले, सैल, सुती. ड्रेस आणि सलवार घेऊ नका, टाके आणि सलाईन असताना सलवारीची नाडी म्हणजे शिक्षा आहे. चड्ड्या सहा तरी, गडद रंगाच्या, नेहमीपेक्षा एक-दोन साईज मोठ्या, आणि कंबरेच्या वरपर्यंत येणाऱ्या, कारण नेहमीच्या चड्डीचं इलॅस्टिक सिझरच्या टाक्यांवर बरोबर येतं. दूध पाजण्यासाठीच्या ब्रा दोन-तीन, आठव्या महिन्याच्या मापापेक्षा मोठ्या घ्या, दूध उतरल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती भरून येते तेव्हा कळतं.

पॅडचं सांगते कारण इथे सगळ्याजणी कमी नेतात. बाळंतपणानंतर रक्तस्राव पाळीपेक्षा बराच जास्त असतो आणि पुढे चार ते सहा आठवडे कमी होत होत चालतो. मोठे मॅटर्निटी पॅड दोन पाकिटं न्या. पाळीचे पातळ पॅड पहिल्या दोन दिवसांत पुरत नाहीत. मेन्स्ट्रुअल कप किंवा आत घालायचं काहीही या काळात वापरायचं नाही.

सावध रहा: तासाभरात मोठा पॅड पूर्ण भिजत असेल किंवा लिंबाएवढ्या मोठ्या गाठी पडत असतील तर "असंच असतं" म्हणून गप्प बसू नका, सिस्टरना लगेच दाखवा.

बाकी: घसरणार नाही अशी चप्पल (ओल्या बाथरूममध्ये सिझरनंतर पहिल्यांदा उठताना हीच कामाला येते), दोन टॉवेल, स्कार्फ किंवा कानाला बांधायला रुमाल, मोजे, पातळ शाल, ब्रश-पेस्ट, कंगवा, साबण, चष्मा लागत असेल तर चष्मा (लेन्स नको), नेहमीच्या गोळ्या मूळ पाकिटासकट. घरून एक उशी न्या, पाजताना हाताखाली घ्यायला. पोटपट्टा आधी घेऊ नका, डॉक्टर सांगतील तेव्हा आणि त्या मापाचा घ्या.

## टप्पा ६: बाळाची बॅग

बाळंतविडा येणारच आहे, मावश्या-आत्या पुढच्या महिनाभरात झबल्यांचा ढीग लावतात, त्यामुळे हॉस्पिटलसाठी आपण मोजकंच घ्यायचं.

१. झबली सहा ते आठ, समोरून नाडीने बांधायची. डोक्यातून घालायची नकोत, बाळाची मान सांभाळत ते जमत नाही. मोठी बटणं, लेस, मणी नकोत.
२. टोपडी तीन, हातमोजे-पायमोजे तीन जोड.
३. लंगोट पंधरा-वीस आणि न्यूबॉर्न साईजच्या डायपरचं एकच छोटं पाकीट. ही साईज साधारण ५ किलोपर्यंत असते, पण बाळाचं वजन किती निघतं कोणास ठाऊक, मोठं पाकीट घेऊन ठेवू नका.
४. दुपटी आठ, गुंडाळायला पातळ आणि एक-दोन जाड.
५. खाली घालायला एक-दोन वॉटरप्रूफ शीट.
६. स्वच्छ कापूस आणि डबी. पहिले दोन-तीन दिवस शी काळी, डांबरासारखी चिकट असते, घाबरू नका, कोमट पाण्यात कापूस भिजवून हलक्या हाताने पुसायचं. वाईप्स न्यायच्याच असतील तर वासाच्या नकोत.
७. छत्रीसारखी उघडणारी छोटी मच्छरदाणी. पावसाळ्यात तर नक्की.
८. स्टीलची छोटी वाटी आणि चमचा, झाकणाच्या डब्यात. बाळाला काचेत ठेवावं लागलं तर आईचं दूध काढून वाटी-चमच्याने द्यायला सांगू शकतात. वापरायच्या आधी पाण्यात बुडवून नीट उकळायची.

आता प्रत्येक दिवसाचा एक गठ्ठा करा: दोन झबली, एक टोपडं, मोजे, पाच लंगोट, दोन दुपटी. गठ्ठा झिपच्या पिशवीत, वर "दिवस १", "दिवस २". नुसती पिशवी दिली की काम होतं, काही शोधावं लागत नाही. जावेच्या वेळी असे गठ्ठे केले होते, सासूबाईंना चष्म्याशिवायही सगळं सापडत होतं.

नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात लोकरीचे तीन थर नकोत आणि नाशिक-पुण्याच्या डिसेंबरात एकच पातळ दुपटं पुरणार नाही. तुम्हाला ज्यात बरं वाटतं त्यापेक्षा एक थर जास्त, एवढं धरा.

हे बॅगेत ठेवू नका, कोणी प्रेमाने दिलं तरी: मध, गुटी, सहाण, वेखंड, काजळ, पावडर, दुधाची बाटली, पावडरचं दूध, सेफ्टी पिन. मधातून एक वर्षाखालच्या बाळाला बॉट्युलिझम नावाची गंभीर विषबाधा होऊ शकते, म्हणून चाटवायचासुद्धा नाही. बाळाला पहिल्या तासातच छातीशी घ्यायचं, पहिलं घट्ट पिवळसर चीक दूध पिळून टाकायचं नाही, ते थोडंच असतं आणि बाळाला तेवढंच लागतं. बाटली बॅगेत असली की पहिल्या रात्री बाळ रडलं की ती बाहेर येते, नसली की आई आणि बाळ दोघं शिकतात. खरंच वरचं दूध लागलं तर डॉक्टर सांगतील आणि ते औषधाच्या दुकानात मिळतं. बेंबीलाही तेल, हळद काही नाही, कोरडी ठेवायची. आंघोळीची आणि मालिशीची तयारी घरी ठेवा, पहिल्या दिवशी बाळाला आंघोळ घालायची घाई नको.

## टप्पा ७: सोबतच्या माणसाची बॅग

ही कोणी भरतच नाही आणि मग आई तीन दिवस एकाच साडीवर बाकड्यावर बसून असते. दोन जोड कपडे, चादर आणि पांघरूण, त्यांच्या स्वतःच्या बीपी-शुगरच्या गोळ्या (या हमखास घरी राहतात), थर्मास, दोन पेले, ताटली, चमचे, सुरी, बिस्किटं, लांब वायरचा चार्जर, प्लगचा बोर्ड, कचऱ्याच्या आणि ओल्या कपड्यांच्या पिशव्या, एक वही आणि पेन. वहीत बाळाला कधी पाजलं, शू-शी कधी झाली हे लिहायचं, राउंडला डॉक्टर तेच विचारतात.

पैसे: थोडी रोख, त्यात दहा-वीस-पन्नासच्या नोटा. तळमजल्याच्या मेडिकलमध्ये रेंज नसली की यूपीआय अडकतं.

डिंकाचे, मेथीचे लाडू, आळिवाची खीर या वेळी नको, पहिल्या दिवशी तर नकोच. सिझरनंतर सुरुवातीला पातळच पदार्थ देतात, डॉक्टर हो म्हणतील तेव्हा घरून ताजं आणता येतं.

## टप्पा ८: घरी थांबणारी पिशवी

पाचवी पिशवी भरून घरीच ठेवायची, डिस्चार्जच्या दिवशी कोणीतरी आणेल. त्यात आईचे घरी यायचे कपडे (पोट लगेच आत जात नाही, सहाव्या महिन्यात बसणारे घ्या), बाळाचा एक चांगला संच, कुंची, जास्तीचे लंगोट आणि गाऊन. कुठल्या खोलीत, कुठल्या कप्प्यात आहे हे दोन माणसांना दाखवून ठेवा.

## टप्पा ९: रंगीत तालीम (३६ वा आठवडा)

१. सगळ्या पिशव्या दाराजवळ एका जागी. गाडीच्या डिकीत नको, गाडी नेमकी ऑफिसला गेलेली असते.
२. नवऱ्याला आणि आईला बसवून "पहिले कपडे", "दोन पॅड", "आधारची झेरॉक्स" असं मागा आणि वेळ बघा. जे सापडत नाही त्याची जागा बदला.
३. एकदा रात्री हॉस्पिटलपर्यंत जाऊन या. कुठलं गेट, लिफ्ट चालू असते का, गाडी कुठे लावायची.
४. शेवटच्या क्षणाच्या वस्तूंची चिठ्ठी दारावर चिकटवा: मोबाईल, चार्जर, चष्मा, गोळ्या, किल्ल्या, गॅस बंद.
५. विमा असेल तर कंपनीला किंवा टीपीएला (कंपनीच्या वतीने क्लेमचं काम बघणारी संस्था) किती आधी कळवायचं ते पॉलिसीत बघा, सिझरची तारीख ठरली असेल तर आधीच कळवा.

## टप्पा १०: निघायची वेळ

पहिलं बाळ असेल तर कळा साधारण पाच-पाच मिनिटांवर, प्रत्येक कळ मिनिटभर, असं तासभर चालू राहिलं की निघायचं. हॉस्पिटल लांब असेल, घाट किंवा ट्रॅफिक मध्ये असेल, किंवा दुसरं बाळंतपण असेल तर याच्या बरंच आधी.

यातलं काहीही झालं तर बॅगेकडे बघूसुद्धा नका, फाईल उचला आणि निघा: पाणी जाणं (रंग बघून ठेवा, हिरवट किंवा तपकिरी असेल तर पोहोचल्या पोहोचल्या सांगा), रक्त जाणं, बाळाची हालचाल कमी होणं, खूप डोकं दुखून डोळ्यांसमोर अंधारी येणं, झटका येणं. बॅग मागून येते.

सिझरची तारीख ठरलेली असेल तर किती तास आधीपासून खायचं-प्यायचं नाही हे विचारून चिठ्ठीवर लिहा, आणि त्या सकाळी "चहा तर घे" म्हणणाऱ्यांनाही ती चिठ्ठी दाखवा.

परत निघताना फाईलमध्ये हे आलंय का बघा: डिस्चार्ज कार्ड, बाळाच्या लसींचं कार्ड (बीसीजी, पोलिओचा पहिला डोस आणि हिपॅटायटिस बीची नोंद त्यावर हवी, दिली नसेल तर कुठे आणि कधी ते विचारा), व्हिटॅमिन के इंजेक्शन दिल्याची नोंद, बाळाचं जन्मवजन आणि रक्तगट, पुढच्या तपासणीची तारीख, आणि जन्मनोंदणीच्या भरलेल्या फॉर्मचा फोटो. फॉर्मवरची नावं त्या चिठ्ठीशी अक्षर-अक्षर जुळवून बघा, आणि मगच गाडी बोलवा.